रॉडवरचं वजन पुन्हा पुन्हा एकाच आकड्यावर अडतंय? सुरुवातीचा प्रोग्रॅम कधी सोडायचा ते वहीवरून ठरवा

समस्या साधारण अशी असते. जिम लावली, आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट, बेंच, रो, शोल्डर प्रेस, डेडलिफ्ट असा साधा ५×५ प्रोग्रॅम (पाच सेट, प्रत्येकात पाच वेळा उचलणं) सुरू केला. दर वेळी रॉडवर थोडं वजन वाढवत गेलात. पहिले तीन-चार महिने सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस पाचव्या वेळी रॉड वर येईना. पुढच्या वेळीही तेच झालं. वजन उतरवून पुन्हा चढत आलात, तर नेमकं त्याच आकड्याशी अडलात. आता एक जण सांगतो प्रोग्रॅम बदल, दुसरा सांगतो खाणं वाढव, तिसरा म्हणतो की तू अजून नवशिका आहेस, आहे तेच चालू ठेव.

या तिघांपैकी कोणाचं ऐकायचं, ते तुमच्या वहीत लिहिलेलं असतं. वही नसेल तर आजपासून ठेवा: तारीख, वजन, प्रत्येक सेटला निघालेले रेप्स (म्हणजे किती वेळा उचललं), दोन सेटमधली विश्रांती आणि आदल्या रात्रीची झोप. फोनमध्ये ठेवलीत तरी चालेल. पण प्रत्येक सेटचा आकडा वेगळा लिहा. ‘८२.५, जमलं नाही’ एवढ्या नोंदीवरून पुढे काहीच ठरवता येत नाही.

आधी एक हिशेब करू. स्क्वॉटला दर वेळी २.५ किलो, आठवड्यातून तीनदा, म्हणजे आठवड्याला ७.५ आणि महिन्याला ३० किलो. रिकाम्या २० किलोच्या रॉडपासून सुरुवात केली तर बारा आठवड्यांत ११० किलो होतात. हाच वेग वर्षभर टिकला तर रॉडवर ४०० किलोंच्या पुढे वजन असायला हवं. तसं होत नाही. म्हणजे कधीतरी अडणं ठरलेलंच आहे. तपासायचं एवढंच, की आत्ता आलेली अडचण ही ती ठरलेली आहे, की मध्येच काही बिघडलंय.

सुरुवातीला वजन इतकं भराभर वाढतं याचं मोठं कारण मज्जासंस्था. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसे वाढलेले नसतात. जे आहेत ते एकत्र आणि वेळेवर वापरायला शरीर शिकत असतं. शिवाय वजनं अजून हलकी असतात, त्यामुळे सोमवारचा थकवा बुधवारपर्यंत भरून निघतो. पुढे ताकद वाढायला जेवढं जड उचलावं लागतं, त्यातून सावरायला दोन दिवस पुरत नाहीत. सुरुवातीचा टप्पा संपतो तो या ठिकाणी. ‘सहा महिने झाले’ किंवा ‘स्वतःच्या वजनाच्या दीडपट स्क्वॉट झाला’ असले निकष मी लावत नाही. एखाद्याचा हा टप्पा तीन महिन्यांत संपतो, एखाद्याचा नऊ महिने चालतो, आणि दोघंही बरोबर वाटेवर असू शकतात.

पहिला प्रश्न: एकच लिफ्ट अडली, की सगळ्या एकदम?

लिफ्ट म्हणजे स्क्वॉट, बेंच यांसारखा रॉडचा एकेक व्यायाम. सगळ्या लिफ्ट एकाच आठवड्यात खाली आल्या असतील, तर प्रोग्रॅमला हात लावू नका. शोल्डर प्रेस सगळ्यात आधी अडते, मग बेंच, मग स्क्वॉट, आणि डेडलिफ्ट बहुधा शेवटी. असा क्रम नसताना सगळंच एकदम ढासळलं, तर कारण जिमच्या बाहेर असतं. झोप साडेपाच तासांवर आली का? ऑफिसची शिफ्ट बदलली का? नुकताच ताप येऊन गेला का? डेंग्यू किंवा नुसता व्हायरल होऊन गेला तरी अशक्तपणा काही आठवडे रेंगाळतो, आणि त्या काळातले फसलेले सेट हिशेबात धरायचेच नाहीत. रॉडवरचं वजन १०–१५ टक्के उतरवा, दोन-तीन आठवड्यांत परत या.

उपासाचंही तसंच. नवरात्रात नऊ दिवस किंवा श्रावणात जमेल तसे उपास करणारे बरेच जण त्याच काळात रॉडवरचं वजन वाढवायला जातात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाच. उपास करायचा असेल तर जरूर करा. दूध, दही, पनीर, शेंगदाणे यांवर भर द्या, आणि तेवढे दिवस वजन आहे तिथेच ठेवा. नऊ दिवस वजन न वाढवल्याने ताकद जात नाही.

खाण्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण आपल्याकडे बहुतेकांची गाडी इथेच अडते. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं संशोधनातून दिसतं. ७० किलोच्या माणसाला म्हणजे ११२ ग्रॅम. आता रोजचं जेवण मोजा: सकाळी पोहे, दिवसभरात सहा पोळ्या, भाजी, दोन वाट्या वरण, भात, दोन चहा. हे सगळं मिळून ५० ग्रॅमच्या आसपास जातं. उरलेली प्रथिनं वेगळी आणावी लागतात. ४ अंड्यांतून २४, अर्धा लिटर दुधातून १६ आणि ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समधून २६ ग्रॅम मिळतात. एवढ्याने हिशेब जुळतो. अंडी खात नसाल तर पनीर, घट्ट दही, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ यांचं प्रमाण वाढवावं लागेल, आणि ते प्रमाण वाटतं त्यापेक्षा बरंच मोठं असतं. ताकद वाढवायची म्हटल्यावर फक्त भात-पोळी वाढवणारे पुष्कळ दिसतात. पोट भरतं, अंगाचं वजन वाढतं, लिफ्ट तिथेच राहते.

तुम्ही वजन घटवण्यासाठी मुद्दाम कमी खात असाल, तर लिफ्ट अडणं अपेक्षितच आहे. त्या काळात आहे ती ताकद टिकवणं हेच चांगलं काम. प्रोग्रॅम बदलून त्यावर उपाय होणार नाही.

झोप, जेवण सगळं नीट असूनही सतत थकवा जाणवत असेल, तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी लोकांत बी-१२ची आणि बायकांमध्ये लोहाची कमतरता इतकी सर्रास आढळते, की आधी महिनोन्महिने प्रोग्रॅमला दोष देत बसण्यात अर्थ नाही.

एकच लिफ्ट अडली असेल तर सेटचे आकडे वाचा

इथे वही खरी कामाला येते. समजा ८२.५ किलोच्या स्क्वॉटला तुमची नोंद ५, ५, ५, ४, ३ अशी आहे. पहिले तीन सेट पूर्ण, शेवटचे दोन अपुरे. म्हणजे ते वजन पाच वेळा उचलण्याची ताकद तुमच्यात आहे. पण सेटच्या मधल्या वेळात गेलेला दम परत येत नाही. विश्रांतीची नोंद पाहा. बहुतेक वेळा तिथे दीड मिनिट किंवा दोन मिनिटं लिहिलेली सापडतात. जड सेटनंतर तीन ते पाच मिनिटं थांबायला हवं. संध्याकाळी सातच्या गर्दीत ‘भाऊ, किती सेट राहिले?’ असं विचारत कोणीतरी शेजारी उभं असतं, तेव्हा पाच मिनिटं रॅक अडवून बसायला संकोच वाटतो, हे मला कळतं. त्याला आळीपाळीने करायला बोलवा. त्याचा सेट होईपर्यंत तुमची विश्रांती आपोआप होते. नाहीतर वेळ बदला. पण विश्रांती न वाढवता प्रोग्रॅम बदललात, तर नवा प्रोग्रॅमही असाच अडेल.

नोंद ४, ४, ३, ३, ३ अशी असेल, म्हणजे पहिलाच सेट अपुरा, तर अर्थ वेगळा. एकतर वजन खरंच जड झालंय, किंवा जिममध्ये शिरतानाच तुम्ही थकलेले आहात, किंवा वॉर्म-अपमध्येच दमताय. वॉर्म-अपला ४० वर १५, ६० वर १२, ७० वर १० असे सेट मारणारे बरेच आहेत. ८२.५च्या आधी २०×५, ४०×५, ६०×३, ७२.५×१ (इथे आधी किलो, मग रेप्स) एवढं पुरतं.

यानंतर फोन कडेला ठेवून एका सेटचा व्हिडिओ काढा. स्क्वॉटमध्ये मांडीचा सांधा गुडघ्याच्या वरच्या टोकाच्या खाली जातोय का? पन्नास किलोला जात होता आणि ऐंशीला जात नाही, असं फार वेळा होतं. वजन वाढतं तशी खोली थोडी थोडी कमी होत जाते आणि ते उचलणाऱ्याला जाणवत नाही. बेंचला कुल्ले बाकावरून उचलले जाणं, रॉड छातीवर आपटून उसळी घेणं, हेही तसंच. असं दिसलं तर तुमचा खरा आकडा वहीतल्या आकड्यापेक्षा कमी आहे. पूर्ण खोलीने जिथे पाच निघतात तिथून पुन्हा चढा. बऱ्याचदा एवढ्यानेच जुना अडथळा मागे पडतो.

प्लेटची अडचण

याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या जिममध्ये ही अडचण घरोघरी आहे आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ती माहीत नसते. प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं ‘२.५ किलो वाढवा’. जिममध्ये सगळ्यात छोटी प्लेट २.५ किलोची असते. ती दोन्ही बाजूंना लावायची म्हणजे वाढ ५ किलोंची. १०० किलोच्या स्क्वॉटला ५ किलो म्हणजे ५ टक्के, चालून जातं. ३० किलोच्या शोल्डर प्रेसला ५ किलो म्हणजे जवळजवळ १७ टक्के. कोणाचीही प्रेस यावर अडेल. बायकांना तर हा त्रास बेंचलाही होतो, आणि ‘माझे हातच कमजोर’ असा चुकीचा निष्कर्ष त्या काढून बसतात.

उपाय सोपा आहे. १.२५ किलोच्या दोन प्लेट विकत घेऊन बॅगेत ठेवा. जमलं तर अर्ध्या किलोच्याही. प्लेटचं भोक तुमच्या रॉडला बसतं का ते आधी पाहा, कारण जाड ऑलिम्पिक रॉड आणि साधा बारीक रॉड यांच्या प्लेट वेगळ्या असतात. प्लेट मिळतच नसतील तर मनगटाला किंवा घोट्याला बांधायचे वेल्क्रोचे अर्ध्या किलोचे पट्टे रॉडच्या दोन्ही टोकांना घट्ट बांधता येतात. हेही नको असेल तर रेप्स वाढवा: ३० किलोवर तीन सेट पाचांचे, मग सहांचे, असं करत दहांपर्यंत जा आणि मग ३५ ला हात घाला. तिथे आधी तीन-चारच निघाले तरी पुढे पाच होतील.

रॉडचं वजनही एकदा तपासा. मोठा ऑलिम्पिक रॉड २० किलोचा, बायकांसाठीचा १५ किलोचा. पण साध्या जिममधले रॉड याहून बरेच हलके असू शकतात. वजनकाट्यावर रॉड हातात धरून उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. जिम बदलल्यावर अचानक ‘ताकद कमी झाली’ असं वाटलं, तर आधी हे करा. स्मिथ मशीनवरचे आकडे मोकळ्या रॉडच्या आकड्यांशी जोडू नका. तिथे रॉड ठरलेल्या मार्गावर सरकतो, तोल तुम्हाला सांभाळावा लागत नाही.

माघार घ्या, पण मोजून

वरचं सगळं जागेवर असूनही एकाच वजनावर लागोपाठ तीन वेळा सेट अपुरे राहिले, तर त्या एका लिफ्टचं वजन साधारण १० टक्के उतरवा. ८२.५ वरून ७५. तिथून पुन्हा २.५ किलोंनी चढत या. ८२.५ पार होऊन ८५, ८७.५ झालं, तर साठलेला थकवा होता, तो गेला. प्रोग्रॅम अजून चालतोय, चालू द्या.

पुन्हा ८२.५ लाच अडलात, तर आणखी एकदा माघार घ्या. पण या वेळी सेटही पाचांवरून तीनवर आणा. सेट कमी करणं अनेकांना पराभव वाटतो. तसं वाटू देऊ नका. वाढत्या वजनाच्या व्यायामाची पद्धतशीर मांडणी करणारे अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डेलॉर्म यांनी १९४५ मध्ये जखमी सैनिकांसाठी दहा-दहा रेप्सचे सात ते दहा सेट सुचवले होते, आणि अनुभवाअंती १९४८ मध्ये ते तीनवर आणले. वजन जड होत जातं तसं कमी सेटमध्ये काम भागतं, आणि सावरायला वेळ उरतो. स्क्वॉटच्या बाबतीत बुधवारचा दिवस हलका करून पाहा: सोमवारी आणि शुक्रवारी नेहमीसारखं, बुधवारी त्याच्या ८० टक्के वजनाचे दोन सेट. या दोन बदलांवर आणखी एक-दोन महिने सहज मिळतात.

पन्नाशीच्या पुढच्यांनी हा हलका दिवस पहिल्यापासूनच ठेवावा. त्यांच्या बाबतीत ताकद वाढते, सावरायला वेळ जास्त लागतो.

आता बदला

दोन वेळा माघार घेतली, झोप-जेवण ठीक, विश्रांती पुरेशी, खोली पूर्ण, वाढ छोटी, आणि तरीही त्याच आकड्याच्या आसपास थांबलात. बस. आता त्या लिफ्टपुरता सुरुवातीचा टप्पा संपला. तिसरी-चौथी माघार घेत राहू नका. तेच वजन महिनोन्महिने चढत-उतरत राहणाऱ्यांचे गुडघे आणि खांदे कुरकुरायला लागतात, जिमला जायच्या दिवशी सकाळपासून मनावर दडपण येतं, आणि मग एक दिवस व्यायामच सुटतो. वेळेआधी सोडण्यापेक्षा हे नुकसान मोठं आहे.

‘त्या लिफ्टपुरता’ हे शब्द महत्त्वाचे. शोल्डर प्रेस अडली म्हणून अजून चढत असलेला स्क्वॉट नव्या वेळापत्रकात टाकायचं कारण नाही. एका वहीत दोन लिफ्ट दोन वेगळ्या टप्प्यांवर असू शकतात.

बदलायचं म्हणजे दर वेळी वाढवायचं ते दर आठवड्याला वाढवायचं, एवढंच. ८२.५ ला अडलेल्या स्क्वॉटसाठी असा आठवडा घ्या: सोमवारी ७५ किलोचे ५×५, बुधवारी ६० किलोचे २×५, शुक्रवारी ८५ किलोचा एकच सेट पाचांचा. सोमवारी काम, बुधवारी सराव, शुक्रवारी परीक्षा. पुढच्या आठवड्यात सोमवार आणि शुक्रवार दोन्हींना २.५ किलो वाढवा. म्हणजे महिन्याला १० किलो. महिन्याला ३० वरून १० वर आलात, पण वाढ चालू राहिली. वजन चार आठवड्यांतून एकदाच वाढवणारे प्रोग्रॅम लोकप्रिय आहेत आणि चांगलेही आहेत. पण त्यांत स्क्वॉट महिन्याला ५ किलोच वाढतो. आठवड्याला वाढायची कुवत असताना थेट तिथे गेलात, तर हाताशी असलेली निम्मी वाढ सोडून देता.

बेंच आणि शोल्डर प्रेससाठी हीच कल्पना छोट्या वाढीने वापरा: एक दिवस जड, पुढच्या वेळी ८५–९० टक्क्यांवर जास्त सेट, आठवड्याला १ ते १.२५ किलो. बायकांना वरच्या अंगाच्या लिफ्टमध्ये पाचांऐवजी तीन रेप्सचे पाच सेट बरेचदा जास्त मानवतात. तेवढ्या बदलावर अडलेली बेंच पुन्हा हलते.

एका मोहापासून सावध राहा. सोमवार छाती, मंगळवार पाठ, असा सहा दिवसांचा प्लॅन ट्रेनर बहुधा लगेच हातात देतो. दिसण्यासाठी व्यायाम करायचा असेल तर त्यात वाईट काही नाही. पण तुमचा प्रश्न ताकदीचा आहे, आणि त्या प्लॅनमध्ये स्क्वॉट आठवड्यातून एकदा येतो, तोही लेग प्रेसच्या गर्दीत. जड लिफ्ट हे कौशल्यही आहे. तिचा सराव आठवड्यातून दोनदा तरी हवा.

ताकद अडलेली नसतानाही सोडण्याची योग्य कारणं असतात. कबड्डीचा हंगाम आला, पावसाळी ट्रेकसाठी दम वाढवायचाय, मॅरेथॉनची तयारी आहे. तेव्हा आठवड्यातून दोन दिवस आहे तेच वजन राखा आणि बाकी वेळ त्या कामाला द्या. कंटाळा हेही कारण खरंच असू शकतं, पण कंटाळा अडलेल्या आठवड्यातच आला असेल, तर आधी वर सांगितलेली तपासणी करा.

सांध्यात टोचल्यासारखं दुखणं, पाठीतून पायात जाणारी कळ, बोटांना मुंग्या, यांपैकी काही असेल तर वहीचा प्रश्न बाजूला. त्या लिफ्ट थांबवा आणि डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

डेडलिफ्ट मात्र, बाकी सगळं बदललं तरी, अजून चढत असेल तर आहे तशी राहू द्या. आठवड्यातून एक जड सेट पाचांचा, दर वेळी ५ किलो. ते जड वाटू लागलं की २.५. ती अडली की आधी तपासा की आदल्या स्क्वॉटने पाठ दमलीय का, आणि तसं असेल तर दोन्हींत एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा.